केबल-डिश सोडून घरचा टीव्ही इंटरनेटवर: आजी-आजोबांनाही सोपं जाईल असं कसं करायचं

केबल बंद करायचं ठरवतो एक आणि टीव्ही पाहतो दुसराच, असं बहुतेक घरांत असतं. ठरवणाऱ्या मुलाचं किंवा सुनेचं बरंचसं पाहणं मोबाईलवर उरकतं. दुपारच्या पुनःप्रक्षेपणापासून रात्रीच्या शेवटच्या मालिकेपर्यंत टीव्ही लागतो तो आईला, सासूबाईंना, आजोबांना. म्हणून या बदलाची परीक्षा एकच, असं माझं ठाम मत आहे: घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला कुणालाही हाक न मारता आपली मालिका लावता आली पाहिजे. पुढचं सगळं त्याच हिशोबानं लिहिलं आहे.

आधी वही, ॲप नंतर

आठवडाभर टीव्हीशेजारी एक वही ठेवा. कोण, किती वाजता, कोणती वाहिनी पाहतं एवढंच लिहायचं. पॅकमध्ये दोनशे वाहिन्या असतात आणि वहीत सहा-सातच उतरतात, हे बहुतेक घरांत दिसेल. एक गोष्ट मात्र बारकाईनं पाहा. काही माणसं ठरावीक मालिका पाहतात. काही जण वाहिनी नुसती लावून ठेवतात आणि भाजी निवडता निवडता जे लागेल ते बघतात. पहिल्या प्रकारच्या माणसाला ॲप आवडतं. दुसऱ्याला 'काय पाहायचं ते निवडा' हा प्रश्नच नको असतो, त्याला चालू असलेली वाहिनी हवी असते. घरात दुसऱ्या प्रकारचं माणूस असेल तर त्याची सोय वेगळी करावी लागते. ती पुढे येईलच.

आत्ताचं बिल नीट वाचा

फेब्रुवारी 2019 पासून ट्रायच्या (दूरसंचार आणि टीव्ही सेवांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमांमुळे बिलाचे दोन भाग दिसतात. एक नेटवर्कचं शुल्क, दुसरा सशुल्क वाहिन्यांचा पैसा. नेटवर्क शुल्काला तेव्हा 130 रुपयांची मर्यादा होती. 18 टक्के जीएसटी धरून ते 153 रुपये 40 पैसे व्हायचं. 2024 मध्ये ट्रायनं ही मर्यादा काढली, त्यामुळे आता ते कंपनीनुसार बदलतं. त्यावर वाहिन्या.

वहीत तीन-चारच सशुल्क वाहिन्या आल्या असतील तर आधी केबलवाल्याकडे किंवा डिशच्या ॲपमध्ये तेवढ्याच सुट्या वाहिन्या घेऊन किती पडतात ते पाहा. वाहिन्या सुट्या घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे, पण भला मोठा पॅक गळ्यात मारणं विकणाऱ्याला सोपं जातं. काही घरांना एवढ्यानंच पुरतं आणि पुढची यातायात वाचते. घरात फायबर इंटरनेट नसेल आणि फक्त टीव्हीसाठी घ्यावं लागणार असेल, तर पैसे वाचतीलच असं नाही. इंटरनेट आधीपासून आहे, त्यावर एक-दोन ॲप आधीच चालू आहेत आणि वर केबलचे महिन्याला चारशे रुपये, म्हणजे वर्षाला 4800, जात आहेत. अशा घराला हा बदल खरा फायद्याचा.

कोणती वाहिनी कुठे मिळते

मराठी घरापुरता नकाशा असा. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर (फेब्रुवारी 2025 मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र होऊन हे ॲप झालं). झी मराठी आणि झी युवा झी5 वर. सोनी मराठी सोनीलिववर, सन मराठी सन नेक्स्टवर. एबीपी माझा, टीव्ही9 मराठी यांसारख्या मराठी बातम्यांच्या वाहिन्या यूट्यूबवर थेट आणि फुकट. फक्त वाहिनीचं अधिकृत पान शोधून सबस्क्राइब करून ठेवा. त्याच नावाच्या जवळपास जाणारी, जुन्या बातम्या 'लाईव्ह' म्हणून चालवणारी पानं बरीच आहेत. दूरदर्शनसाठी प्रसार भारतीचं वेव्हज हे ॲप आहे. ते नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झालं. सकाळी सिद्धिविनायकाचं किंवा शिर्डीचं दर्शन लावायची सवय असेल, तर दोन्ही संस्थान थेट दर्शन इंटरनेटवर देतात.

या सगळ्यांची वर्गणी एकदम घेऊ नका. बहुतेक घरांत सासूबाईंची मालिका एका ॲपवर असते आणि आजोबांची दुसऱ्यावर. ती दोन घ्या, बाकीची लागतील तशी. वर्गणी घेताना दोन गोष्टी तपासाच. स्वस्त योजना पुष्कळदा फक्त मोबाईलवर चालते, टीव्हीवर उघडतच नाही. मोबाईल रिचार्जसोबत 'फुकट' मिळालेलं ॲपही अनेकदा असंच असतं. दुसरं म्हणजे एका वेळी किती पडद्यांवर चालेल. दोन खोल्यांत दोन टीव्ही असतील आणि योजना एका पडद्याची असेल, तर रात्री साडेआठला घरात भांडण ठरलेलं. जाहिराती संपतील या आशेवरही राहू नका. स्वस्त योजनांत त्या असतातच, आणि प्राइम व्हिडिओनंही भारतात जून 2025 पासून जाहिराती सुरू केल्या आहेत.

आता ती वेगळी सोय. वाहिनी लावून ठेवणाऱ्या माणसासाठी इंटरनेटवरून येणारी पण वाहिन्यांसारखीच दिसणारी सेवा घ्यावी. जिओच्या फायबर किंवा एअरफायबरच्या (तारेविना येणाऱ्या इंटरनेटच्या) ग्राहकांना जिओटीव्ही प्लस मिळतं. एअरटेलनं 2025 मध्ये आयपीटीव्ही सुरू केलं, बीएसएनएलनंही फायबरवरून टीव्ही द्यायला सुरुवात केली आहे. यात वाहिन्यांची यादी असते, वर-खाली करायचं, लागली की चालू. माझ्या मते ज्येष्ठ मंडळींच्या घरात इंटरनेटची कंपनी निवडताना वेगापेक्षा हा मुद्दा मोठा. कनेक्शन घेण्याआधी विचारा: या योजनेत चालू वाहिन्या आहेत का, आमच्या वहीतल्या वाहिन्या त्यात आहेत का, आणि त्यासाठी वेगळा बॉक्स लागतो का.

क्रिकेटचं काय

हक्क विभागलेले आहेत. आयपीएल जिओहॉटस्टारवर. परदेश दौरे कधी एका ॲपवर, कधी दुसऱ्यावर, दर मालिकेगणिक बदलतात. त्यामुळे क्रिकेटसाठी वर्षभराची वर्गणी घेण्याआधी येत्या वर्षाचं वेळापत्रक पाहा. इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण केबलपेक्षा काही सेकंद मागे असतं. शेजारच्या घरात विकेट पडल्याचा आरडाओरडा आधी ऐकू येतो आणि आपल्याकडे गोलंदाज अजून धावतच असतो. याला इलाज नाही, सवय होते. ज्यांना होणार नाही त्यांच्यासाठी शेवटी फ्री डिशबद्दल लिहिलं आहे.

इंटरनेट: वेग कमी लागतो, भिंती जास्त नडतात

विक्रेता 300 एमबीपीएस विकायला बघतो. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या शिफारशीप्रमाणे फुल एचडीला 5 एमबीपीएस आणि 4के ला 15 एमबीपीएस पुरतात. दोन टीव्ही, चार मोबाईल आणि एखादा घरून काम करणारा लॅपटॉप, एवढ्या घराला 50 एमबीपीएस आरामात पुरतं. एका टीव्हीच्या छोट्या घराला 30 सुद्धा.

डेटाचं गणित मात्र करा. एचडीत तासाला 3 जीबीपर्यंत डेटा जातो. मोबाईलच्या रोजच्या 2 जीबीवर हॉटस्पॉटनं टीव्ही चालवायचा म्हटलं तर 40 मिनिटांत खेळ आटोपतो, म्हणून तो विचारच सोडा. तेच फायबरवर रोज पाच तास पाहिलं तरी महिन्याला 450 जीबी. बहुतेक फायबर योजनांची मर्यादा 3300 जीबी असते, तिथे प्रश्न येत नाही. तार न येणारं एअरफायबर घेणार असाल तर तिथे मर्यादा साधारण 1000 जीबी असते. दोन टीव्ही दिवसभर चालणाऱ्या घरात ती महिनाअखेरीला संपू शकते आणि मग वेग इतका घसरतो की चित्र अडकायला लागतं.

चित्र अडकलं की आपण कंपनीला दोष देतो. तक्रार करण्याआधी राऊटर आणि टीव्हीमधल्या भिंती मोजा. वाय-फायचे दोन पट्टे असतात. 2.4 गिगाहर्ट्झ लांब जातो, पण सोसायटीत शेजाऱ्यांच्या राऊटरांची त्याच पट्ट्यात गर्दी असते. 5 गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीला लवकर हरतो. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या चिऱ्याची जाड भिंत असते, जुन्या वाड्यात हातभर मातीची. अशी एक भिंत मध्ये आली तरी 5 चा पट्टा क्षीण होतो, दोन आल्या की जवळपास नाहीसाच. फ्लॅटमध्ये लोखंडी कपाट, आरसा आणि माशांची टाकी हेही सिग्नल अडवतात.

उपाय क्रमानं सांगतो. फायबर बसवायला माणूस येईल तेव्हा राऊटर टीव्हीच्या खोलीत लावून घ्या. तो दाराजवळ पहिल्या खिळ्यावर टांगून जाण्याच्या घाईत असतो, तेव्हा आधीच सांगा आणि लागेल तितकी तार आत ओढून घ्या. नंतर हलवायचे वेगळे पैसे पडतात. राऊटर टीव्हीच्या खोलीत आला की त्यातून टीव्हीला साधी लॅन केबल लावा. कॅट 6 ची चार-पाच मीटरची तयार केबल बाजारात सहज मिळते. तारेनं जोडलेल्या टीव्हीला भिंतीही नडत नाहीत आणि शेजाऱ्यांचे राऊटरही. राऊटर दुसऱ्या खोलीतच ठेवावा लागला, तर टीव्ही 5 वर लावून वेग तपासा. टीव्हीच्या ब्राउझरमध्ये फास्ट डॉट कॉम उघडलं की आकडा दिसतो. राऊटरशेजारी उभं राहून मोबाईलवर मोजलेला आकडा इथे उपयोगाचा नाही, टीव्हीवरचाच हवा. तो 10 एमबीपीएसच्या खाली येत असेल तर 2.4 वर टाकून पाहा, नाहीतर मेश राऊटरचा (एकच वाय-फाय दुसऱ्या खोलीपर्यंत नेणाऱ्या जोडीचा) दुसरा तुकडा घ्या.

टीव्हीला काय जोडायचं

टीव्ही स्मार्ट असेल आणि हवी ती ॲप्स त्यात उघडत असतील तर काहीच नको. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या स्मार्ट टीव्हींची अडचण अशी की पडदा उत्तम असतो पण ॲप्स अद्ययावत होणं थांबतं. त्यासाठी टीव्ही बदलू नका. मागे एचडीएमआयचं भोक असलेल्या कुठल्याही टीव्हीला फायर टीव्ही स्टिक किंवा गुगल टीव्हीची स्टिक (ॲप्स चालवणारी बोटभर कांडी) लावली की काम होतं. जुना डब्यासारखा टीव्ही असेल तर एचडीएमआयचं एव्ही (लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारांचं) करणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो. चित्र साधारणच दिसतं, पण आवाज आणि मालिका पोहोचते.

स्टिकला वीज तिच्यासोबत आलेल्या ॲडॅप्टरनंच द्या. टीव्हीच्या यूएसबीत खुपसली की चालल्यासारखी वाटते, पण तिथून पुरेशी वीज मिळत नाही आणि स्टिक मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होत राहते. भिंतीला चिकटलेल्या टीव्हीमागे जागा कमी असते, तिथे स्टिकच्या खोक्यातला छोटा एचडीएमआय एक्स्टेंडर वापरा.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी नावाची सोय चालू करायला विसरू नका. सॅमसंगमध्ये तिचं नाव ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. ती चालू असली की स्टिकच्या रिमोटनं टीव्हीही सुरू होतो आणि थेट योग्य इनपुटवर येतो. वडीलधाऱ्यांच्या दृष्टीनं हे फार महत्त्वाचं आहे, कारण त्यांचा गोंधळ बहुधा ॲपमध्ये होत नाही. 'नो सिग्नल' लिहिलेल्या निळ्या पडद्यासमोर होतो.

काही दुकानांत आणि मेसेजमधून 'सगळ्या वाहिन्या, सगळी ॲप्स, वर्षाला हजार रुपये' असे बॉक्स किंवा ॲप विकतात. घेऊ नका. ते बेकायदा आहेत, केव्हाही बंद पडतात, आणि मेसेजमधून आलेलं एपीके (ॲपची सुटी फाइल) ज्या मोबाईलवर बँकेचे ओटीपी येतात त्यात टाकणं म्हणजे चोराला घरात घेणं.

लॉगिन कुणाच्या नंबरवर

या टप्प्याला लोक पाच मिनिटं देतात, मी अख्खी संध्याकाळ द्यायला सांगेन. मुलगा पुण्याला किंवा दुबईला, आईवडील साताऱ्याला. दिवाळीत येऊन मुलगा स्वतःच्या नंबरवर सगळी ॲप्स सुरू करून देतो. दोन-तीन महिन्यांनी एखादं ॲप लॉगआउट होतं, ओटीपी मुलाच्या मोबाईलवर जातो, तो मीटिंगमध्ये असतो आणि आईची मालिका बुडते. म्हणून खातं घरात राहणाऱ्या माणसाच्या नंबरवर काढा. पैसे तुम्ही भरा, नंबर त्यांचा ठेवा. वहीच्या शेवटच्या पानावर ॲपचं नाव, कोणता मोबाईल नंबर, वर्गणी कधी संपते, एवढं मोठ्या अक्षरात लिहा.

मग पडद्यावरची गर्दी कमी करा. जी ॲप्स लागत नाहीत ती काढा किंवा मागे ढकला. आईची दोन ॲप्स पहिल्या ओळीत पहिल्या दोन जागांवर. प्रत्येक ॲपमध्ये तिचं वेगळं प्रोफाइल करा, म्हणजे नातवाची कार्टून्स तिच्या पानावर येणार नाहीत. तिच्या मालिका वॉचलिस्टमध्ये टाका. ॲपची भाषा मराठी करता येत असेल तर करा.

रिमोटवर शिकवायची बटणं चारच: होम, चार बाणांचं चाक, मधलं ओके, आणि मागे जायचं. होमच्या बटणावर एक लाल टिकली चिकटवा. 'काहीही चुकलं, काहीही आलं, तर टिकली दाब' हा एकच नियम सांगा. अंधारात बोटालाही ती लागते. माइकचं बटण दाबून 'स्टार प्रवाह' किंवा मालिकेचं नाव मराठीत बोलून दाखवा. टाइप करण्यापेक्षा हे त्यांना लवकर जमतं. शिकवताना रिमोट स्वतःच्या हातात घेऊ नका. त्यांना दाबू द्या, चुकू द्या, टिकली दाबून परत येऊ द्या. आणि एक गोष्ट समजावून सांगा: इथे भाग चुकत नाही. पाहुणे आले म्हणून साडेसातचा भाग राहिला, तर तो नऊ वाजताही तिथेच असतो. हे एकदा मनात बसलं की आजींना केबलची आठवण कमी यायला लागते.

महिनाभर दोन्ही चालू ठेवा

डिश लगेच उतरवू नका. महिनाभर रिचार्ज चालू असताना रोज इंटरनेटवरच पाहायचं, अडलं तरच बॉक्स लावायचा. बॉक्स कधी आणि का लावावा लागला ते वहीत लिहा. बहुतेक नोंदी एखाद-दुसऱ्या वाहिनीच्या असतात. त्यांची सोय झाली की पुढचा रिचार्ज करू नका. तरीही छत्री गच्चीवरच राहू द्या.

याच महिन्यात वीज जाण्याची परीक्षाही घ्या. टीव्ही इन्व्हर्टरवर असतो, राऊटर मात्र साध्या प्लगवर राहून जातो. राऊटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या किंवा 12 व्होल्टचा मिनी यूपीएस आणा. ॲडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळतात का ते पाहूनच. फायबर थेट घरात आली असेल तर एवढं पुरतं. स्थानिक केबलवाल्यानं जिन्यातल्या स्विचवरून (घराघरांत इंटरनेट वाटणाऱ्या डब्यावरून) लॅनची तार दिली असेल, तर त्या स्विचला बॅकअप आहे का हेही त्याला विचारा. नसेल तर तुमचा राऊटर चालू राहूनही इंटरनेट बंदच.

बंद करताना

केबलवाल्यानं इंटरनेट आणि केबल एकत्र दिलं असेल तर केबल सोडल्यावर इंटरनेटचा दर बदलतो का ते आधी विचारा. बॉक्स भाड्यानं किंवा अनामत घेऊन दिलेला असेल तर तो परत करा, अनामत मागा आणि परत केल्याची पावती घ्या. बॉक्स विकत घेतलेला असेल तर तो तुमचा आहे. वर्षभराचे पैसे आधीच भरले असतील तर ती मुदत संपेपर्यंत थांबणं सोपं. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे'च्या पानावर जाऊन जुनी मंजुरी रद्द करा, नाहीतर रिचार्ज आपोआप होत राहील. नव्या ॲप्सनी घेतलेल्या मंजुऱ्याही तिथेच दिसतात. पैसे कापण्याआधी किमान 24 तास सूचना येणं रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बंधनकारक आहे, त्यामुळे तो मेसेज आला की ॲप अजून हवं आहे का ते वहीत पाहून ठरवा.

छत्रीचा दुसरा उपयोग

डीडी फ्री डिशला मासिक शुल्क नाही. बॉक्स एकदाच घ्यायचा. जुनी छत्री 93.5 अंश पूर्वेला, जीसॅट-15 उपग्रहाकडे वळवावी लागते, कधी तिच्यावरचा एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) बदलावा लागतो. त्यावर सह्याद्री येतं, बातम्या येतात. 2007 च्या कायद्यानं भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-20 सामने प्रसार भारतीला द्यावे लागतात, त्यामुळे ते डीडी स्पोर्ट्सवर दिसतात. खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावानं ठरतात, म्हणून त्या यादीत दरवर्षी बदल होतो. एखाद्या विशिष्ट मालिकेसाठी तिच्यावर अवलंबून राहू नका. जोराच्या पावसात सिग्नल जातो, तो त्रास इथेही राहीलच. पण फायबर तुटली, रस्त्याच्या खोदकामात दोन दिवस इंटरनेट गेलं, तर घरात टीव्ही चालू राहतो. छत्री वळवायला माणूस जूनच्या आधी बोलवा. पाऊस लागला की तो गच्चीवर चढत नाही.